सोमवारचं डोकं

माझ्या ताईचे यजमान दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचे. घरात मी त्यांना भाऊजी म्हणायची, खाणीत ते वस्ताद होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोकांनी त्यांना ज्या नावानं ओळखलं ते नाव तोंडातून काढायलाही मला जड जातं, आणि काढावं तर लागणारच आहे.

माणूस कसा होता? उंचापुरा, कमी बोलणारा, आणि डोक्यावर केस नाहीत याची मनातून भयंकर लाज वाटणारा. त्यामुळे बारा महिने डोक्यावर टोपी. जाड खाकी कापडाची, आतून घामपट्टी लावलेली. ती मीच शिवून द्यायची, कारण मी शिवणकाम करते आणि माझं दुकान ताईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. टोपी विरली की भाऊजी दुकानाच्या दारात उभे राहायचे, काही न बोलता ती काढून माझ्या हातात द्यायचे आणि नवी हातात पडेपर्यंत डोक्यावर रुमाल धरून बसायचे. मी म्हणायची, "भाऊजी, इथं कोण बघतंय तुम्हाला?" ते म्हणायचे, "तू बघतेस ना." झालं, एवढंच संभाषण.

पण कामावर हाच माणूस राजा होता. खडकाला कुठं भोक पाडायचं, किती खोल, त्यात किती मसाला भरायचा, हे ते खडकावर तळहात टेकवून ठरवायचे. भरून झालं की शिट्टी, लाल झेंडा आणि मग तो आवाज, "बाऽऽर!" तो आवाज आमच्या गल्लीपर्यंत यायचा. ताई हातातलं काम सोडून उभी राहायची. पाठोपाठ धडाम झालं की पुन्हा कामाला लागायची. लग्न झाल्यापासून तिचा रोजचा नेम होता हा. एखादा बार उडायचा राहिला, की भाऊजी कुणालाही तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. मालक येऊन ओरडला तरी नाही. स्वतः लांब एका दगडावर बसून राहायचे आणि पुरता वेळ गेल्यावर एकटेच बघायला जायचे. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एकाही माणसाचं बोट गेलं नाही. खाणीत याहून मोठं प्रशस्तिपत्रक नसतं.

आता त्या मसाल्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्यांच्या खाणीत जुन्या धर्तीच्या सुरुंगाच्या कांड्या यायच्या, तेलकट कागदात गुंडाळलेल्या, गोडसर वासाच्या. नवा माणूस पहिल्यांदा त्या कांड्या हाताळायचा तेव्हा त्याचं डोकं असं ठणकायचं की तो खाली बसून ओकायचा. मग हळूहळू अंगाला सवय व्हायची. पण सुट्टी पडली की अंग ती सवय विसरायचं आणि सोमवारी कांडीला हात लावला की पुन्हा डोकं फुटायची वेळ. खाणीतले लोक त्याला सोमवारचं डोकं म्हणत. त्यावर जुन्या माणसांनी उपाय शोधून ठेवला होता. सुट्टीला घरी जाताना कांडीवरच्या कागदाचा एक तुकडा टोपीच्या घामपट्टीत खोचायचा. टोपी डोक्यावर राहिली की अंगाची सवय मोडत नाही. काट्यानं काटा काढायचा. भाऊजी हे त्यांच्या उस्तादाकडून शिकले आणि त्यांनी पुढच्यांना शिकवलं. ताईलाही ठाऊक होतं. टोपी धुवायला टाकताना ती कागद काढून ठेवायची आणि वाळली की परत खोचायची. तो मसाला कातडीतून रक्तात जातो, रक्तवाहिन्या सैल करतो आणि छातीच्या दुखण्यावर डॉक्टर जी गोळी जिभेखाली देतात तिच्यातही हाच असतो, हे आमच्यापैकी कुणाच्या बापजन्मी कानावर आलं नव्हतं.

भाऊजींची पन्नाशी उलटली आणि घरात काहीतरी बिनसलं. आधी मला पत्ता नव्हता. ताई कपडे शिवायला म्हणून यायची आणि नुसती बटणं चाळत बसायची. एके दिवशी म्हणाली, "हे आता खाणीवरच झोपायला जातात. राखणदार सुट्टीवर आहे म्हणे."

"मग असेल."

"राखणदाराला मी परवाच बाजारात बघितला. भाजी घेत होता."

मग बोलता बोलता सगळं बाहेर आलं. नवरा जवळ येत नाही. आलाच तर मध्येच उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो. विचारलं तर खेकसतो. तिच्या मनानं घेतलं होतं की खाणीवर जी बाई चहा करते तिच्याशी यांचं सूत जुळलंय. मी त्या बाईला पाहिलेलं आहे. तिला स्वतःच्या नवऱ्याकडे बघायला वेळ नव्हता, दुसरीच्या नवऱ्याकडे कुठून बघणार! पण संशयाला डोळे नसतात.

"अगं, सरळ विचार ना त्यांना," मी म्हणाले.

"कुठल्या तोंडानं विचारू? आणि ते हो म्हणाले तर?"

मला दोघांचाही राग यायचा. एक बाई नवरा हातचा जाईल म्हणून झुरतेय, आणि एक माणूस, न उडालेल्या सुरुंगाकडे एकटा चालत जाणारा, स्वतःच्या बायकोसमोर चार शब्द बोलायला घाबरतोय. त्यांचंही दुःख तेच होतं, हे मला नंतर समजलं. त्यांना वाटत होतं, आपण आता निकामी झालो, हिला कळलं की आपण हिच्या मनातून उतरणार. दोघं एकमेकांना गमावण्याच्या भीतीनं एकमेकांपासून लांब पळत होते.

शेवटी भाऊजी डॉक्टरकडे गेले. हे मात्र त्यांनी शहाणपणाचं केलं, त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही. खाणीतले काहीजण पानाच्या दुकानातून पुड्या आणतात, कुणी मित्राची अर्धी गोळी मागून घेतो. भाऊजींनी तसलं काही केलं नाही. पण ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून गेले ते थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला. आणि तिथं डॉक्टरनं विचारलं, काय काम करता, तर म्हणाले, "शिंपी आहे." का, तर खाणीचं नाव घेतलं आणि डॉक्टरच्या ओळखीचा कुणी खाणीत निघाला तर? डॉक्टरनं त्यांच्या त्या फावड्यासारख्या हातांकडे बघितलं असेल आणि मनात म्हटलं असेल, बिचारी गिऱ्हाइकं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं रक्तदाब बघितला, साखर तपासायला लावली. म्हणाला, या वयात हे पुष्कळांना होतं, यात लाजण्यासारखं काही नाही, कधी कधी हीच हृदयाच्या दुखण्याची पहिली खूण असते म्हणून तपासायचं. मग विचारलं, छातीत दुखतं का? छातीसाठी काही औषध, जिभेखालची गोळी, फवारा, मलम, पट्टी, असलं काही चालू आहे का? असेल तर या तक्रारीवरची गोळी अजिबात द्यायची नाही, दोन्ही एकत्र झाली तर रक्तदाब तळाला जातो आणि माणूसही जातो. भाऊजी म्हणाले, नाही. खोटं नव्हतं ते. शिंप्याच्या बाबतीत तर मुळीच खोटं नव्हतं. मग डॉक्टरनं गोळी लिहून दिली. दिवसातून एकच, त्याहून जास्त नाही, वरून दारू नको. थोडं डोकं दुखेल, चेहरा लाल होईल, घाबरू नका. पण छातीत कळ आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तसेच निघा आणि जिथं जाल तिथं पहिलं हे सांगा की ही गोळी घेतली आहे.

खडी फोडायचं यंत्र मोडलं म्हणून खाण काही दिवस बंद होती. भाऊजींनी खाणीतून निघताना टोपीत नवा कागद खोचला, सुट्टी लांबली तर सोमवारचं डोकं चढू नये म्हणून. त्या दुपारी ते दाढी करून घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि ताईला हाक मारून समोर बसवलं. खिशातून गोळीचं पाकीट काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. डॉक्टर, शिंपी, सगळी हकिगत सांगितली. ताई आधी रडली, मग शिंप्याचं ऐकून हसायला लागली ती थांबेचना. ते पण हसले. हे मला ताईनं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "इतक्या वर्षांत हे माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते गं."

मग ते म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही. तुझ्या बहिणीलासुद्धा नाही. शपथ घे."

तिनं घेतली.

गोळी घेतली आणि काही वेळानं त्यांचं डोकं ठणकायला लागलं, चेहरा तापला. डॉक्टरनं सांगितलंच होतं. पण असलं डोकं भाऊजींच्या चांगलं ओळखीचं होतं. अगदी तसंच कपाळात ठोके, तशीच कानशिलं गरम. ते म्हणाले, "हे तर आपलं सोमवारचंच डोकं." आणि त्याचा उपाय तर त्यांना पाठ होता. उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि कपाळावर गच्च ओढून बसवली. तीस-एक वर्षं उपयोगी पडलेली गोष्ट होती ती. असल्या वेळी डोक्यावर टोपी बघून ताई पुन्हा हसली म्हणे.

जरा वेळानं ते पाणी प्यायला उठले आणि दारातच कोसळले.

धाकटे दीर शेजारीच राहतात. ताईच्या ओरडण्यानं ते धावत आले, खाणीतले दोघे-तिघे आले, गाडी आली. मला निरोप मिळाला तशी मी मशीन सोडून थेट दवाखान्यात गेले. भाऊजी खाटेवर पांढरेफटक, घामानं भिजलेले, छातीवर मूठ दाबून कण्हत होते. नळ्या लावून झाल्या होत्या. त्या गडबडीत टोपी निघून पडली होती, ती ताईनं उचलली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. एवढ्या परक्या माणसांत यांचं डोकं उघडं नको म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत बसवली. मला त्यात मायाच दिसली, आणि होतीही मायाच.

डॉक्टर तरुण मुलगी होती. सलाईननं रक्तदाब जरा वर आला तशी ती छातीच्या औषधाचं नर्सला सांगायला वळली, पण आधी तिनं विचारलं, "यांनी आज काही घेतलं होतं का? कुठलीही गोळी, औषध?"

"छे छे," दीर म्हणाले. "आमचा दादा साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही. सुपारीचंही व्यसन नाही."

खाणीतल्या लोकांनी माना डोलावल्या. भाऊजींचे डोळे उघडे होते आणि ते ताईकडे बघत होते. ताईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मला काहीच ठाऊक नव्हतं, मला वाटलं ती घाबरलीय.

"घेतलीय," ती म्हणाली. आवाज इतका मोठा आला की पलीकडच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला. "पुरुषांची ती गोळी असते ना, ती. डॉक्टरनंच दिली होती. आज दुपारी घेतली."

कुणीतरी खोकलं. दीर जमिनीकडे बघायला लागले. भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर मुलीचा चेहरा बदलला. तिनं हातानंच नर्सला थांबवलं आणि ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं बोललात. मी जे देणार होते त्यानं हे गेले असते."

पण रक्तदाब टिकेना. वर यायचा, पुन्हा घसरायचा. ती मुलगी बुचकळ्यात पडली. नुसत्या त्या गोळीनं एवढं व्हायला नको, म्हणाली. छातीचं दुसरं काही? फवारा? मलम? ताई नाही नाही म्हणत राहिली. मग तिनं विचारलं, "काम काय करतात हे?"

"खाणीत सुरुंग लावतात," मी म्हणाले.

"कांड्या हातांनी भरतात? डोकं दुखतं त्यांचं त्यानं?"

"सोमवारी दुखतं," ताई म्हणाली. "म्हणून तर टोपीत कागद ठेवतात." आणि असं म्हणताना तिनं हात लांब करून ती टोपी दाखवली.

त्या मुलीनं हातमोजे घातले, टोपी उचलून पिशवीत टाकली, आणि नर्सनं भाऊजींचं कपाळ साबणानं घासून धुतलं. ताई भिंतीला टेकून ते बघत होती. तिचा तो चेहरा मला अजून विसरता येत नाही. जी गोष्ट त्यांची लाज राखायला म्हणून तिनं त्यांच्या डोक्यावर ठेवली होती तीच त्यांचा जीव घेत होती.

भाऊजी वाचले. हृदयाचा एक भाग मात्र कायमचा गेला. खाण सुटली. छातीसाठी रोजची औषधं लागली आणि कळ आली तर जिभेखालची गोळी. घरी सोडताना डॉक्टरनं ताईला बजावलं, आता ती दुसरी गोळी यांच्या नशिबातून गेली, जन्मभर चालायची नाही. कुणी मित्र देईल, कुठं पुडी मिळेल. तेव्हा औषध देण्याआधी प्रत्येक वेळी विचारायचं, दुसरं काही घेतलंय का. लाजायचं नाही.

भाऊजी घरी आले आणि त्यांनी ताईशी बोलणं टाकलं.

आधी वाटलं अशक्तपणा असेल. पण माझ्याशी एखाद-दुसरा शब्द बोलायचे, भावाशी बोलायचे. ताई ताट घेऊन आली की गप्प. खाणीत बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. ज्या लोकांची बोटं त्यांनी राखली तेच लोक पाठीमागं त्यांना 'फुसका बार' म्हणायला लागले. पोरासोरांच्या तोंडी गेलं ते नाव. एकदा खिडकीखालून कुणीतरी "बाऽऽर!" म्हणून ओरडलं आणि हसत पळालं. भाऊजी खुर्चीत बसलेले होते, उघड्या डोक्यानं. नवी टोपी मी शिवून दिली होती, कोरी, पण ती त्यांनी घातलीच नाही.

त्या दिवशी माझा तोल गेला. ताई पाणी भरत होती, मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, तिनं तोंड उघडलं म्हणून तुम्ही बसलाय इथं. कळतंय का तुम्हाला?"

त्यांनी उघड्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "गेलो असतो तर लोक म्हणाले असते, वस्ताद गेला."

"आणि ताईचं काय झालं असतं?"

"तिनं शपथ घेतली होती."

एवढंच. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्यांच्या पायाशी बसून रडावंसंही वाटलं. शरमेनं माणूस असा आतून पोखरला जातो की जीव राहिला काय नि गेला काय, त्याला सारखंच. ताई आतून हे सगळं ऐकत होती. बाहेर आली, घागर ठेवली, हात पुसले आणि काही न घडल्यासारखी कामाला लागली.

तशी दोन वर्षं गेली. तिनं कधी तक्रार केली नाही. भाऊजी सकाळी खिडकीपाशी बसायचे ते संध्याकाळपर्यंत तिथंच. खाणीतून सुरुंगाचा आवाज आला की आता ताई थांबत नसे. भाऊजी मात्र खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे.

एका संध्याकाळी मी तिथंच होते. ताईनं पाण्याचा पेला आणला, तळहातावर गोळ्या ठेवल्या आणि त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं, "आज दुसरं काही घेतलंय का?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

तिनं गोळ्या दिल्या, त्यांनी गिळल्या आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

मी तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले. मला चीड आली होती. म्हटलं, "ताई, वेड लागलंय का तुला? ते पाकीट तू तेव्हाच गटारात टाकलंस. माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, त्यांच्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. कुठून घेणार आहेत ते? रोज रोज काय विचारतेस तेच?"

ती पेला विसळत होती. विसळून झाला तरी पाणी सोडतच राहिली.

"मला ठाऊक आहे गं," ती म्हणाली. "पण मी विचारलं नाही, तर ते माझ्याशी बोलणार कधी?"